नारू, बारव आणि तीन प्राध्यापक

विद्यापीठात तुम्ही काय काम करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, प्राध्यापकांना एकमेकांशी बोलायला लावत होतो. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा थट्टा करतोय. पण माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'सहायक, संयुक्त चर्चासत्रे' असं जे भारदस्त लिहिलं होतं, त्याचा अर्थ खरोखर एवढाच होता.

ही पन्नास ते साठ या सालांमधली गोष्ट. आमचे तेव्हाचे कुलगुरू विलक्षण गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं असं, की इतिहासवाले, अर्थशास्त्रवाले, प्राणिशास्त्रवाले एकाच आवारात राहतात, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात, पण शेजारच्या खोलीतला माणूस आयुष्यभर कशाचा शोध घेतोय हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की महिन्यातून एका शनिवारी सगळ्यांनी एकत्र बसायचं. प्रश्न एक घ्यायचा आणि त्यावर प्रत्येकाने आपल्या विषयाच्या बाजूने बोलायचं. या बैठकांची व्यवस्था बघायला माणूस हवा होता. कार्यालयातल्या जुन्या मंडळींनी अंग काढून घेतलं. मी कामरगावहून नुकताच आलेला, बी.ए. झालेला, नवा. मला नाही म्हणता येईना, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं आणि पुढे गळ्यातला ताईत झालं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, चार विद्वान आणि चहा, यात व्यवस्था ती काय? पण तिच्यात खुबी होती. पहिली गोष्ट म्हणजे कोण कुणाशेजारी बसणार. समोरासमोर बसलेले दोन विद्वान भांडतात आणि शेजारी बसलेले कुजबुजतात. कुजबुजणाऱ्यांचं पुढे जमतं. म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांना मी हटकून शेजारी बसवत असे. दुसरी गोष्ट चहाची. आवाज चढायला लागलाय पण अजून तुटलेलं नाही, नेमक्या त्या वेळी ट्रे आत गेला पाहिजे. हातात कपबशी असलेला माणूस टेबलावर मूठ आपटू शकत नाही. आणि तिसरी गोष्ट खडूची. फळ्याजवळ गेलेला प्राध्यापक लवकर परत येत नाही. त्यावर उपाय म्हणून मी खडूचे बारके तुकडे करून ठेवायचो. तुकडा संपला की भाषण संपायचं. हे गुपित बरीच वर्षं कुणाला उमगलं नाही.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची होती. तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक दुसऱ्याच्या प्रत्येक वाक्यानंतर शांतपणे "म्हणजे काय?" असं विचारायचे. त्यांच्यामुळे एकदा पदार्थविज्ञानाचे प्रमुख रडकुंडीला आले होते. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक खिशातून दगड काढून टेबलावर मांडायचे आणि इतर लोक ते दगड कागदावर वजन म्हणून ठेवायचे, याचं त्यांना फार वाईट वाटे. गणिताचे एक वृद्ध प्राध्यापक डोळे मिटून बसत. वर्षभर ते एक शब्द बोलले नाहीत. मग एका शनिवारी दोन विभागप्रमुखांचं कडाक्याचं भांडण चाललेलं असताना त्यांनी डोळे उघडले, "तुम्ही दोघं एकच गोष्ट सांगताय," एवढं म्हणाले आणि पुन्हा मिटून घेतले. दोघे तपासायला बसले, तर खरंच तसं होतं.

सगळ्यांत मोठी अडचण भाषेची. प्रत्येक विषयाचे आपापले शब्द. त्यावर कुलगुरूंनी तोडगा काढला तो मला अवघडवून टाकणारा होता. कुणाचंही बोलणं झालं की ते दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून विचारायचे, "इंगोले, कळलं का?" मी "नाही साहेब" म्हटलं की प्राध्यापकांना पुन्हा, साध्या भाषेत सांगावं लागे. पहिल्या काही महिन्यांत काही जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे मात्र तेच बैठकीच्या आधी मला व्हरांड्यात गाठून आपलं भाषण ऐकवून बघायला लागले.

असं सगळं रुळलेलं असताना नवे कुलसचिव आले. कामसू, काटेकोर माणूस. त्यांनी मला बोलावून विचारलं, "इंगोले, इतकी वर्षं ही मंडळी बसून बोलतायत. यातून निष्पन्न झालेली एक तरी गोष्ट दाखवाल का?" येत्या वर्षात काही दिसलं नाही तर हा उपक्रम बंद करावा, असं आपण सुचवणार आहोत, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

त्याच सुमारास अर्थशास्त्राच्या वाघबाईंनी एक प्रश्न मांडला. वाघबाई म्हणजे खणखणीत आवाजाच्या, जाडजूड चपला घालून खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या. मानोऱ्याच्या बाजूला फिरताना त्यांना दिसलं होतं, की एका गावात जमीन बरी आहे, माणसं आहेत, तरी दर वर्षी कितीतरी वावरं पेरणीवाचून पडीक राहतात. हे कशामुळे? शनिवारी चर्चा झाली. कुणी म्हणालं, माणसं कामाला बाहेरगावी जातात म्हणून. कुणी म्हणालं, आळस. प्राणिशास्त्राचे देवधर सर, बारीक आवाजाचे, सदा घसा खाकरणारे, म्हणाले, "मला वाटतं, त्यांचे पाय. तिकडे नारू फार आहे."

आणि मग त्यांनी नारू समजावून सांगितला. आजच्या वाचकाला हा रोग माहीत नसेल, म्हणून त्यांचंच सांगणं इथे देतो. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपक्यांएवढे किडे असतात. त्यांच्या पोटात नारूची अळी असते. ते पाणी माणूस प्यायला की अळी अंगात शिरते, वर्षभर आत वाढते, हातभर लांब होते आणि मग पायाला फोड आणून बाहेर यायला लागते. फोडाची भयंकर आग होते. माणूस ती शमवायला पाय पाण्यात बुडवतो. त्या क्षणी नारू आपली असंख्य पिल्लं पाण्यात सोडतो, आणि पुन्हा ठिपक्यांएवढे किडे ती खातात. पायऱ्या उतरून ज्या विहिरीत माणूस शिरतो, तिथे हे चक्र कधी थांबत नाही. आणि नारू निघतो तो नेमका पेरणीच्या तोंडावर.

"इंगोले, कळलं का?" कुलगुरूंनी सवयीने विचारलं.

मी म्हणालो, "कळलं साहेब. माझ्या थोरल्या भावाचा पाय असाच गेला."

भाऊ नारू ओढून काढत होता तेव्हा तो आत तुटला, पाय सुजला, पिकला आणि गुडघ्यात वाकडा राहिला. त्याने नांगर सोडला आणि शेतीला लागणारा घरचा पैसा माझ्या शिक्षणाकडे वळला. हे मी तिथे बोललो नाही. पण कुलगुरूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "या वेळची बैठक त्या गावातच घ्या."

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मानोऱ्यापासून बैलगाडीच्या वाटेवर, टेकडीच्या पोटाशी ते होतं. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा. दोहोंना मिळून पिण्याच्या पाण्याची एकच जागा, एक जुनी दगडी बारव. आम्ही चौघे निघालो. वाघबाई, देवधर सर, मी आणि इतिहासाचे खेर सर. खेर सर उंच, गोरेपान, तापट. मूर्तिजापूरला छोट्या रेल्वेगाडीत बसून कारंजा गाठलं, तिथून मोटारीने मानोरा, आणि पुढे वैशाखाच्या उन्हात छकड्यात. खेर आणि देवधर या दोघांचं आधीपासून पटत नव्हतं, म्हणून मी त्यांना छकड्यात शेजारी बसवलं. वाट इतकी खडबडीत होती, की दोघे एकमेकांवर आदळत राहिले आणि माझ्या शास्त्राचा काही उपयोग झाला नाही.

बारव पाहिल्यावर खेर सर तर वेडेच झाले. चारी बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, कोनाड्यात देवी, खांबांवर कोरीव वेली. ते बूट काढून पायरी पायरीवर हात फिरवत बसले. तेवढ्यात देवधर सर खाली उतरले, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि उन्हात धरलं. पाण्यात बारीक पांढरे ठिपके उड्या मारत होते.

"बुजवायला हवी ही विहीर," देवधर सर म्हणाले.

खेर सरांना आपण काय ऐकतोय ते कळेना. मग ते गरजले, "आधी मला बुजवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढच्या निंबाखाली गाव जमलं. पाटील वयस्क, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला मोठं पागोटं. मी कामरगावचा आहे हे कळल्यावर आदल्या दिवशीच ते म्हणाले होते, "मंग तू तं आमचाच होय." पण देवधर सरांनी बारव बुजवून दुसरी विहीर खणायची गोष्ट काढली तशी त्यांच्या मिशा थरथरल्या.

"साहेब, आमच्या आज्याच्या आज्यानं हे पानी पेलं. नव्या सुनेचा पयला घडा देवीपुढून भरल्या जाते. आन् तुमी म्हनता बुजवा? कायले? किड्यापायी?"

देवधर सर घसा खाकरून पुस्तकी भाषेत सांगत राहिले. लोक उठून जायला लागले. खेर सर "बरोबर बोलले पाटील!" असं म्हणाले, त्यामुळे देवधर सर संतापले. सभा मोडली. दुपारी शाळेच्या एका खोलीत देवधर आणि दुसऱ्या खोलीत खेर. मी दोन्हीकडे चहा नेत होतो आणि दोघेही मलाच सांगत होते, "त्यांना सांगा, माझ्याशी बोलू नका म्हणावं." चहाचा ट्रे घेऊन मी मधल्या ओसरीवर उभा राहिलो. एवढ्या लांब आणलेलं चर्चासत्र दोन खोल्यांत बंद होऊन पडलं होतं.

शेवटी मी तिघांनाही म्हणालो, "चर्चा राहू द्या. माझ्याबरोबर तांड्यात चला." मला तिथल्या एका बाईबद्दल पाटलांच्या घरून कळलं होतं.

तिचं नाव जमनी. तिशीची असेल. हाडापेराने मजबूत, अंगात आरसे लावलेली कांचळी चोळी, हातात कोपरापर्यंत बलोतीच्या बांगड्या. झोपडीच्या सावलीत बाजेवर पाय पसरून बसली होती. घोट्याच्या वर जखम आणि तिच्यातून निघालेला पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू एका काडीला गुंडाळून फडक्याने बांधलेला. ती रोज तो जरा जरा गुंडाळत होती. तुटू नये म्हणून श्वास धरून.

वाघबाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. "कधीपासून आहे, बाई?"

"कामाहून आलो आन् निंगाला. मांगच्या सालीबी निंगाला व्हता, या दुसऱ्या पायाले. नवरा एकटा काय काय करन? बी हाये घरात, वावर हाये. पेरनीले बाईमानूस नाई तं तिफन कशी चालन?"

खेर सर दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "फार आग होते का?"

"होते ना जी. मंग बारवीत जातो. खालच्या पायरीवर बसतो, पाय पान्यात टाकतो. देवीची किरपा, तेवढं थंड वाटते."

देवधर सरांनी डोळे मिटले. तेवढ्या एका सुखाला नको म्हणणं त्यांच्याच्याने होईना. बाहेर आल्यावर खेर सर पुढे चालत होते. मग अचानक थांबून त्यांनी देवधर सरांनाच विचारलं, "समजा पाण्यात कुणाचा पायच पोचला नाही तर? मग बारव राहिली तरी चालेल?"

"पाय पोचला नाही तर चक्रच तुटतं," देवधर सर म्हणाले. "पण पायऱ्या आहेत तोवर पाय पोचणारच."

"चला," खेर सर म्हणाले आणि आम्हाला जवळजवळ ओढतच बारवेकडे घेऊन गेले. वरच्या काठावर दोन दगडांत त्यांनी आम्हाला खोबण्या दाखवल्या. आदल्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्या होत्या, पण मनात विचार होता तो कोरीव कामाचा. पूर्वी तिथे लाकडी चौकट असणार, तिच्यावर चाक, आणि पाणी वरून दोराने काढलं जात असणार. म्हणजे पायऱ्या मध्यावर भिंत घालून अडवल्या आणि वर पुन्हा चाकं बसवली, तर बारव होती तशीच राहणार आणि कोनाड्यातली देवी भिंतीच्या वरच असल्याने तिच्यापर्यंत पूर्वीसारखं जाता येणार होतं. देवधर सर काठावरून वाकून खाली बघत होते. "तळाशी आधी चुना टाकू," ते म्हणाले. "आणि घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं."

शनिवारच्या बैठकांमधून मी ज्याची वाट पाहत होतो ते माझ्यासमोर, बारवेच्या काठावर, दोन घामाघूम माणसांमध्ये घडत होतं.

आता हे गावाला पटवायचं होतं. दुसरी सभा झाली तेव्हा देवधर सर बोलले, खेर सर बोलले, आणि खेर सरांनी आपणहून विचारलं, "पाटील, कळलं का?"

"नाई कळलं," पाटील म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी कुठल्याच सभेत भाषण केलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि आमच्या घरच्या बोलीत बोलायला लागलो. "पाटील, माह्या भावाचा पाय नारूनं वाकडा झाला. थो बी असाच पायरीवर बसून पाय बुडवे. त्याले कोनी सांगतलं असतं ना, का बापू, तू पाय बुडवतं तवा पान्यात नारूचं बी पेरून राह्यला, आन् पुढच्या साली थेच बी आपल्याच घरचे पेऊन राह्यले, तं त्यानं पाय बुडवला नसता. आमाले कोनी सांगतलं नाई. हे सांगून राह्यले."

पाटील मिशी चोळत राहिले. बाया एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्यातून पाटलीणबाईंचा आवाज आला. "भित घालसान तुमी. दोर ओढाचा कोनं? मानसं तं बसतीन चिलीम ओढत. पायऱ्यानं घडा बुडवला का भरला. वरून ओढू ओढू आमचे हात जातीन का नाई?"

याला उत्तर वाघबाईंनी दिलं. त्यांनी पदर खोचला, म्हणाल्या, "चला, ओढून बघू," आणि गावातल्या दुसऱ्या, आटत आलेल्या मोटेच्या विहिरीवर जाऊन घडा दोराने ओढायला लागल्या. नुसत्या दोराने एक घडा काढताना त्यांची दमछाक झाली. मग सुताराला सांगून वर एक चाक बसवलं आणि तोच दोर चाकावरून ओढला. घडा सरसर वर आला. पाटलीणबाईंनी स्वतः ओढून पाहिला, दुसऱ्या बाईला दिला. "चाकं चार पायजेत," त्यांनी जाहीर केलं. "दोन गावाचे, दोन तांड्याचे. एकावर खोळंबा नाई जमाचा." सभा तिथेच संपली. पाटलांनी काय ठरवलं ते आम्हाला विचारावंच लागलं नाही.

पेरणीआधीच्या मोकळ्या दिवसांत गावाने आणि तांड्याने मिळून भिंत घातली. दगड तांड्याच्या लोकांनी टेकडीवरून आणले, गवंडी गावचा होता. खेर सर सुट्टीभर तिथेच राहिले आणि कोरीव कामाला कुणी हात लावू नये म्हणून उन्हात छत्री घेऊन पहारा देत बसले. पोरं त्यांना 'छत्रीवाले मास्तर' म्हणायची.

खरी कसोटी लागली ती पुढच्या वैशाखात. पाटलांचा निरोप घेऊन एक माणूस विद्यापीठात आला. "नारू निंगाला. लोक भित फोडाले निंगाले." भिंत बांधायच्या आधी जे पाणी पोटात गेलं होतं, त्याचा नारू यंदा निघणार, हे देवधर सरांनी तेव्हा सांगितलं होतं. पण वर्षभराने ते कुणाच्या ध्यानात राहतं? प्राध्यापक परीक्षांत अडकलेले. मी एकटा गेलो.

बारवेवर माणसं पहारी घेऊन उभी होती. पाटलांच्या स्वतःच्या नातवाच्या पायाला नारू होता. ते मला म्हणाले, "तू आमचा म्हून तुयं आयकलं. काहून निंगाला मंग?"

मी पुन्हा समजावलं. बियाचीच गोष्ट सांगितली, की हे गेल्या सालीचं पेरलेलं उगवून राह्यलं, यंदा नवं पेरलं नाही. कुणी ऐकत होतं, कुणी नाही. एक तरुण शिव्या देत होता आणि त्याचं चूक नव्हतं, त्याची बायको पडून होती. मला वाटलं, हे आता फुटणार. तेवढ्यात गर्दीतून जमनी लंगडत पुढे आली. यंदाही तिला निघालाच होता. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि काडी बांधलेला पाय समोर पसरून म्हणाली, "मले बी निंगाला. मले आग नाई होत काय? आलो का मी पाय बुडवाले? एक साल पायतो मी. तुमी मानसं असून तुमाले एक साल दम नाई निंगत?"

पहारी खाली आल्या. पाटील म्हणाले, "आजून एक साल. मंग मीच फोडतो भित." ते वर्ष मी कसं काढलं ते माझ्या बायकोला ठाऊक. देवधर सर तर मला व्हरांड्यात पाहिलं की विचारायचे, "काही निरोप?" आणि मी नाही म्हटलं की, त्याचा अर्थ चांगला की वाईट, यावर आम्ही दोघे विचार करत बसायचो.

कुलसचिवांनी उपक्रम लगेच बंद केला नाही. पण कुलगुरूंची मुदत संपली, राज्य बदललं, माणसं बदलली आणि काही वर्षांनी शनिवारच्या बैठका आपोआप विरल्या. एवढी एक गोष्ट जमली, तशा आणखी जमल्या असत्या, असं मला अजून वाटतं. माझी बदली परीक्षा विभागात झाली. तिथे कुणी कुणाशी बोलू नये हे बघायचं काम होतं. ते मी नेकीने केलं, पण जीव रमला नाही. देवधर सर आता नाहीत, खेर सरही नाहीत. वाघबाईंचं पत्र अधूनमधून येतं.

मात्र त्या सगळ्याच्या आधी, भिंतीच्या तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीला, आम्ही पुन्हा त्या गावी गेलो होतो. त्या साली आतापर्यंत गावात कुणालाच नारू निघालेला नाही, असं पाटलांनी कळवलं होतं. कुलगुरू हरखून गेले. तिथेच एक मोठी सभा घ्या, लोकांचे अनुभव ऐका, असं त्यांनी सांगितलं. मी शाळा झाडून घेतली, सतरंज्या अंथरल्या, फळा पुसला, पिण्याच्या पाण्यावर दुहेरी फडकं बांधलं. तिन्ही प्राध्यापक तयार होऊन बसले. सांगितलेली वेळ झाली. कुणी आलं नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी दारात एक कुत्रं तेवढं डोकावून गेलं.

"इंगोले, निरोप गेला होता ना?" देवधर सरांनी विचारलं.

मी बाहेर पडलो. चावडीवर कुणी नव्हतं. घरांना कड्या होत्या. मग वाऱ्यावर बैलांच्या घुंगरांचा आणि माणसांच्या हाकांचा आवाज आला आणि मी शिवाराकडे चालू लागलो. माझ्यामागोमाग तिघेही आले.

सगळं गाव वावरांत होतं. गेली काही वर्षं पडीक पडलेल्या टेकडीकडच्या वावरांतसुद्धा तिफणी चालल्या होत्या. एका तिफणीमागे जमनी सरत्याच्या नळीतून बी सोडत झपाझप चालली होती.

"जमनीबाई!" मी ओरडलो. "सभा हाये ना आज!"

ती थांबली नाही. "सभा कायची भाऊ? आभाय पाय ना कसं भरून राह्यलं. तुमी बोलत बसा तिकडं. आमाले टेम नाई."

देवधर सर तिच्या पायांकडे बघत होते. ढेकळांतून एकामागून एक पडणाऱ्या दोन्ही पायांकडे. त्यांनी घसा खाकरला. खेर सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वाघबाई चपला हातात घेऊन केव्हाच पलीकडच्या बायांमध्ये गेल्या होत्या.

तेवढ्यात मागून पाटलांचा खडा आवाज आला. ते स्वतः तिफण धरून आमच्याच रोखाने येत होते.

"ओ साहेब! बाजूले व्हा ना जी! उभे कुठं राह्यले तुमी? तठी पेराचं हाये!"

आणि आम्ही विद्यापीठाची माणसं मुकाट्याने बांधावर चढलो.